पेवावरची पानवेल

९ डिसेंबर २०२४

नऊ महिने झाले या वहीला हात लावून. पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलंय, ‘रोज एक ओळ तरी’. ते वाचून ओशाळले. माफी कोणाची मागायची? दुसरं कोणी वाचत नाही, तेव्हा वहीचीच मागते.

शेवटची नोंद मार्चमधली आहे. गावातल्या बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारले आणि दारूचं दुकान बंद झालं, त्या संध्याकाळची. संगीता आणि मी घरोघर फिरलो होतो. त्या दिवशी तिने मला इतका गुलाल लावला की दोन दिवस डोळे चुरचुरत होते. त्यानंतर काही घडलंच नाही असं नाही. पण त्या दिवसापुढे बाकीचं सगळं लिहिण्याजोगं वाटेना.

आता लिहायला कारण मिळालंय. उसाच्या रसाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, मी चार वर्षं घरी करते. रस आंबताना बरणीतून बुडबुडे निघतात, तो कार्बन डायऑक्साइड. झाडं हाच वायू खाऊन वाढतात असं मी केजच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवते, आणि घरी येऊन तोच खिडकीबाहेर सोडून देते. यंदा झाकणांना नळ्या लावून तो मधल्या खोलीतल्या पानवेलींना द्यायचा. विड्याच्या पानाचा वेल सावलीतला, घरात जगतो. पान मोठं आणि जाड आलं तर इथल्या बायकांना चार कुंड्यांवर घरबसल्या काहीतरी करता येईल, असं डोक्यात आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहून ठेवते. रसाचा सिरका होताना मधला टप्पा दारूचाच असतो. तो चुकवता येत नाही. म्हणजे बाटली आडवी करणाऱ्या बाईच्या घरात काही दिवस दारू असते. बुडबुडे मंदावले की मी लगेच जुना सिरका त्यात ओतते, मग ते आंबून जातं, पिण्याच्या कामाचं राहत नाही. कायद्याला हे चालतं का? विचारायला जायचा धीर झालेला नाही. घरात यांना माहीत आहे, बाहेर फक्त संगीताला.

१५ डिसेंबर

नळ्या बसवल्या. हे दारात उभे राहून बघत होते.

“गावाची बाटली आडवी केलीस, अन् घरात भट्टी उभी केलीस.”

“सिरका आहे तो.”

“मला सांगू नको, गावाला सांग.” आणि हसत अंघोळीला गेले.

प्रयोगाला तुलना हवी. तेवढ्याच कुंड्या, तीच माती, तेवढंच पाणी, फक्त हा वायू नाही. त्या कुंड्या आमच्याच घरात ठेवल्या तर वायू इकडून तिकडे पसरणार, म्हणून संगीताच्या आतल्या खोलीत ठेवल्या. तिचीही खिडकी उत्तरेला आहे. त्या खोलीत तिच्या सासूबाई, रतनबाई, खाली अंथरूण टाकून झोपतात. खोलीच्या पोटात जुनं पेव आहे, ज्वारी साठवायचं. तोंडावर शहाबादी फरशी बसवलेली. कैक वर्षांत त्यात दाणा पडलेला नाही.

संगीताला सगळं समजावून सांगितलं. ती बारावी झालेली, शेरडांच्या मागे फिरून तिची हुशारी वाया जाते असं मला कायम वाटतं. नळी हातात घेऊन ती विचारत होती.

“ताई, उसाच्या रसाचंच व्हतं का? गुळाच्या पान्याचं न्हाई का व्हत असं?”

“होतं की. उलट जोरात होतं.”

“आन् थंडीत?”

“गोधडी गुंडाळायची भांड्याला. खमिराला ऊब लागते.”

माझ्या वर्गातली मुलं वर्षभरात एवढे प्रश्न विचारत नाहीत. जाताना तिने थोडं खमीर मागितलं, जिलबी करून बघते म्हणाली. वाटीभर दिलं.

११ जानेवारी २०२५

काहीतरी चुकतंय. माझ्या खोलीतली पानं मागच्या वर्षीपेक्षा बरी आहेत, पण संगीताकडची माझ्यापेक्षा मोठी आहेत. जिथे वायू नाही तिथे वाढ जास्त! आज स्वतः जाऊन पान तळहातावर ठेवून पाहिलं. माझं पान बोटांच्या मुळाशी संपतं, तिचं पेरांपर्यंत जातं.

माझ्या नळ्या गळत असतील. किंवा पाणी जास्त होत असेल. किंवा मला मुळात माझं म्हणणं खरं ठरायला हवं होतं म्हणून मी प्रयोग घाईने मांडला.

संगीता म्हणाली, “माझा हातच तसा हाय ताई. तुमी पुस्तकातलं पानी घालता, मी मायेनं घालते.”

दोघी खूप हसलो.

१९ जानेवारी

पुन्हा गेले होते. आज एक नवीनच गोष्ट लक्षात आली. तिच्या खोलीत फळीवर ठेवलेल्या कुंड्यांची पानं माझ्यासारखीच आहेत. जमिनीवरच्या कुंड्यांची मात्र मोठी. उजेड तर फळीवर जास्त. मग उलटं का? खालची माती थंड राहते म्हणून? तासभर विचार केला, उत्तर सापडलं नाही. प्रयोग मांडणारीला साधा प्रयोग वाचता येऊ नये, याचं वाईट वाटतं.

रतनबाई अंथरुणावरून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “तुमाला सांगू का बाई? पेवात नाग आलाय. दिसरात घुळघुळ घुळघुळ करतोय. मी कान लावून ऐकते. माझ्या सासऱ्यानं धन पुरलंय खाली, त्याच्यावर बसलाय.”

मी म्हटलं, “नाग घुळघुळ करत नाही, रतनबाई. उंदीर असतील.”

“उंदीर घुळघुळ करतेत व्हय?” त्यांनी मलाच विचारलं. मग म्हणाल्या, पूर्वी पेव उघडलं की कोणी लगेच उतरत नसे. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. “इझला तर मानसानं पाय टाकायचा न्हाई. खाली बसलेला असतो तो फुंकर मारतो.”

बंद पेवात धान्य कुजून वायू साठतो, असं मी त्यांना समजावलं. संगीता चहा घेऊन आली. म्हणाली, “कावून वाद घालता ताई? म्हाताऱ्या मानसाला नागोबा वाटतोय तर वाटू द्या. फरशीला हात लावू देत न्हाईत, तेवढंच बरं.” तिचा चेहरा ओढलेला दिसला. डोकं सारखं दुखतंय म्हणाली. खिडकीच्या फटीत पोती कोंबली होती, थंडीमुळे. मी म्हटलं, थोडी उघडत जा. “आत्यान्ला सोसत न्हाई,” रतनबाईंकडे बघून म्हणाली.

२७ जानेवारी

हळदीकुंकू. वाणासोबत प्रत्येकीला विड्याची दोन पानं दिली, संगीताकडची. सगळ्या पानाकडे बघत राहिल्या. स्वप्ना, जी बायकांच्या गटाची अध्यक्ष आहे, म्हणाली, “मॅडम, पान आहे का पत्रावळ?” मी संगीताचं नाव सांगितलं. ती खाली बघून हसली.

बाकी बोलणं चांगलं नव्हतं. गावात पुन्हा पिणारे दिसायला लागलेत. गटातल्या सायलीचा भाऊ परवा दुपारीच ओट्यावर आडवा झाला होता. दुकान तर बंद आहे, मग येते कुठून? बाहेरून कोणी आणतं, असं ठरलं.

निघताना मी संगीताला बाजूला घेऊन विचारलं, बजरंग कसे आहेत? तिचा नवरा. आमची सगळी धावपळ तिथूनच सुरू झाली होती. दुकान बंद झाल्यावर ते केज रस्त्याच्या ढाब्यावर जायला लागले होते, आणि पावसाळ्यात दोनदा मोटारसायकलीसकट खड्ड्यात सापडले.

“सुधरले ताई. आता सांजच्याला घर सोडत न्हाईत.”

मला रडू आलं. तिनेच माझे डोळे पुसले. घरी येऊन यांना सांगितलं की काहीही होवो, एक घर तरी वाचलं.

२ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते, नाहीतर जमणार नाही.

दुपारी पानं बघायला गेले. संगीता परसात होती. रतनबाई फरशीजवळ बसून नागोबाला दिवा लावत होत्या. फरशीच्या कडेला फट आहे, तिथे पणती ठेवली की विझायची. “टिकत न्हाई बाई, कोपलाय,” म्हणाल्या. त्या आणखी वाकल्या, काडी ओढली, आणि तशाच कपाळावर खाली गेल्या. मला वाटलं नमस्कार करतायत. उठेनात तेव्हा कळलं.

काखेत हात घालून त्यांना अंगणात ओढत नेलं. तोंड निळसर झालं होतं. थोड्या वेळाने खोकल्या, डोळे उघडले. संगीता धावत आली, त्यांचे तळपाय चोळायला लागली.

मी परत आत गेले. पोती उपसून खिडकी उघडली. मग श्वास धरून पेटती काडी फरशीच्या फटीपाशी नेली. वारा नव्हता. ज्योत आकसली आणि गेली. जमिनीवरच्या कुंड्या तिथेच होत्या, हिरव्यागार. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. अकरावीच्या पोरांना मी फळ्यावर बाण काढून दाखवते. आणि तीन आठवडे मी नळ्यांना दोष देत होते.

“फरशी उचल,” मी संगीताला म्हटलं.

तिने उचलली नाही. उंबऱ्यावर बसली. मग एकदमच बोलायला लागली.

“दुकान बंद केलं आपुन. पेनं बंद झालं का, ताई? रातच्याला दारात बसून गाडीचा आवाज ऐकत ऱ्हायची मी. आज आणतेत का उद्या, असं. घरात प्याले तर डोळ्यासमोर तरी ऱ्हातेत.”

“आणि बाकीचे पिणारे?”

“वास लपतो व्हय? एकाला कळलं. त्याला न्हाई म्हनलं तर गावात सांगल. मग दुसरा आला.”

“म्हणजे पेवात गुळाचं पाणी, माझ्या खमिरावर.”

“तुमीच दिलतं की.” हे ती भांडण म्हणून बोलली नाही. खरं तेच सांगितल्यासारखं बोलली.

मी तिला सगळं समजावलं. त्या खड्ड्यात उतरलीस तर वर येणार नाहीस. सासूबाई जमिनीवर झोपतात. तुझं डोकं दुखतं ते ह्याने. तिने पदर तोंडाला लावला होता. म्हणाली, “दोन दिस द्या. समदं उपसून टाकते. आत्यान्ला लेकीकडं उमापूरला धाडते. पन कुनाला बोलू नका, ताई. गुलाल लावलेल्या हातानं आता शेन न्हाई खाववत.”

मी शब्द दिला. रतनबाईंना संध्याकाळच्या गाडीत मीच बसवून आले.

हे बरोबर केलं का? स्वप्नाला सांगायला हवं होतं. पण संगीताचं तोंड आठवलं की वाटतं, नको.

५ फेब्रुवारी

संगीताने निरोप दिला, समदं साफ केलं. मी बघायला गेले नाही. बघायला जाणं म्हणजे तिच्यावर विश्वास नाही असं दाखवणं.

८ फेब्रुवारी

समाजमंदिरात बायकांची बैठक झाली. स्वप्नाने सरळच विचारलं, गावातच कुठेतरी बनतंय, कोणाला ठाऊक असेल तर आज बोला.

संगीता माझ्या शेजारी बसली होती. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता. ती उठली तेव्हा मला वाटलं ती कबूल करणार. मी तिच्या बाजूने काय बोलायचं ते मनात जुळवायलाही लागले.

ती म्हणाली, “मी कुनावर आळ घेत न्हाई. पन तेजश्रीताईंच्या मधल्या खोलीत बरण्या हायेत, त्यातून बुडबुडे निघतेत, नळ्या लावल्यात. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. काय हाय ते त्यांनाच इचारा.”

एकही शब्द खोटा नव्हता.

सगळ्या घरी आल्या. मधल्या खोलीत मावेनात. नळ्या बघून कोणीतरी म्हणालं, “अगं बया, हे तर कारखान्यावानी हाय.” मी सिरका, वायू, पानवेल, सगळं सांगत होते. माझा आवाज मलाच वर्गातल्यासारखा वाटत होता, आणि वर्ग ऐकत नव्हता.

स्वप्नाने कडेच्या बरणीवर हात ठेवला. “मॅडम, एकच सांगा. यात दारू आहे का नाही?”

ती बरणी नेमकी मधल्या टप्प्यात होती. ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “आज आहे. आठवड्यानंतर नसेल.”

कोणीतरी हसलं. मग सायलीची आई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “माझ्या पोराला तुमी पाजली व्हय, बाई?” ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

संगीता दाराच्या बाहेर उभी होती, आत आलीच नाही.

सगळ्या गेल्यावर हे म्हणाले, “कावून गप बसलीस? तिचं नाव घ्यायचं सरळ.”

का नाही घेतलं? शब्द दिला होता म्हणून? का मला वाटलं की माझं कोणी खरं मानणार नाही? का तिने सगळं उपसून टाकलं असेल, तर फरशीखाली आता काही सापडणार नाही, आणि मी दुहेरी खोटी ठरेन म्हणून? तिन्ही कारणं खरी आहेत. त्यातलं कोणतं आधी आलं ते आठवून बघते आहे, आठवत नाही.

तिने ते दोन दिवस कशासाठी मागितले होते, ते आज कळलं.

१२ फेब्रुवारी

बरण्या मोरीत ओतल्या. नळ्या सोडल्या. घरभर आंबूस वास.

कॉलेजात किण्वनाचा धडा घेतला तर मागच्या बाकावर खसखस पिकली. केजपर्यंत गेलंय म्हणायचं.

१ मार्च

आज बजरंगने कुंड्या परत आणून दिल्या. छकड्यात घालून, सुतळीने नीट बांधून. बांधणी संगीताची, मी ओळखते.

“मॅडम, तिनं धाडल्यात. पाहिजे न्हाईत म्हणली.” माझ्याकडे न बघता उतरवत होता. अकराच वाजले होते, तोंडाला वास होता.

मी विचारलं, “सासूबाई... तुमच्या आई कशा आहेत?”

“बरी हाय. उद्या येतीय उमापूरवरनं, दुपारच्या गाडीनं. करमंना म्हणती.”

“खिडकी उघडी असते का आता खोलीची?”

“कुठली? ती व्हय. न्हाई बा, पोती कोंबलेलीच हायेत. तिलाच म्हाईत कावून.” आणि गेला.

कुंड्या ओट्यावर मांडल्या. पाणी घालावं म्हणून वाकले आणि हात थांबला. जमिनीवरच्या कुंड्या खडूने खुणा केल्यामुळे ओळखू येतात. बरण्या ओतल्यापासून माझ्या वेलांची नवी पानं पुन्हा लहान निघाली, पहिल्यासारखी. संगीताच्या जमिनीवरच्या वेलांना शेंड्याशी नवं पान आलंय, कोवळं, अजून पोपटी. दोन तारखेला ते नव्हतं. ते माझ्या पेरांपर्यंत जातं.

म्हणजे तिने काहीच उपसलं नाही. एक दिवसही नाही.

दिवसभर हातातलं काम सुटत होतं. माझं नाव घेतलं ते मी समजू शकत होते, घाबरली असेल. पण रतनबाई अंगणात निळ्या पडलेल्या तिने पाहिल्या. माझं बोलणं ऐकलं, मान हलवली, रडली. आणि मी पाठ फिरवल्यावर पुन्हा पोती कोंबली. मला फसवलं ते एक. पण मी जे शिकवलं त्यातलं तिने फक्त खमीर घेतलं, बाकीचं ठेवून दिलं, याने जास्त लागतंय. का? माझं शिकवणं इतकं कच्चं होतं का? का तिला अजून वाटतं की ताई घाबरवतेय?

स्वप्नाला आणि चारजणींना घेऊन जावं. कंदील दोरीने पेवात सोडायचा, बस. तो विझला की गावातल्या एकाही म्हाताऱ्या बाईला पुढचं समजावून सांगावं लागणार नाही. माझं नाव तिथल्या तिथे परत मिळेल. मला ते हवं आहे. खूप हवं आहे. रात्रंदिवस तेच हवं आहे, हे इथे लिहूनच ठेवते.

पण पाचजणी दारात बघितल्या तर संगीता कडी लावेल. कडी लागली तर रतनबाई दुपारी येतील आणि त्याच फरशीशेजारी अंथरूण टाकतील. मी एकटी गेले तर कदाचित उघडेल. तिने माझं ऐकलं नाही. तिच्या सासूचं म्हणणं आहे, कंदिलाचं ऐकायचं असतं.

बाकीचं नंतर. नंतर मी सांगेन का, कोणाला सांगेन, ते आज ठरवत नाही.

उद्या : माळ्यावरचा कंदील काढून, उमापूरची गाडी यायच्या आत, एकटीने संगीताकडे जाणे.